सोळा तारखेला दार का उघडलं नाही

महादेवपुरा, बेंगळुरू
मंगळवार, २१ एप्रिल

तीर्थरूप नरसिंहकाकांच्या पायांशी सुप्रीताचा वाकून नमस्कार (पाय मागे घेतले नसतील असं धरून लिहिते आहे).

तुमची तब्येत विचारायचा हक्क मला सध्या नाही, तरी विचारते. उन्हात बसल्यामुळे दोन दिवस डोकं धरलं होतं असं संयोगिताच्या आईकडून कळलं. आता उतरलं असेल. काकूंचा गुडघा, लग्नाची खरेदी, मंडपवाल्याशी चाललेलं भांडण, सगळं मार्गी लागलं असावं. इकडचं म्हणाल तर सासूबाई गुरुवारपासून माझ्याशी भाजीपुरतं बोलतात. हे (म्हणजे तुमचे पुतणे वासुदेव) दोन्हीकडची बोलणी नकोत म्हणून ऑफिसला तासभर आधी निघतात. मी तुम्हाला अकरा वेळा फोन केला. तुम्ही उचलला नाहीत, आणि तुमच्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. म्हणून पत्र. लग्न होऊन या घरात आले तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, आपल्या घराण्यात मराठी बोलणारे उरलेत, लिहिणारं कोणी नाही, निपाणीची सून आली आहे ती तरी लिहील. तर लिहिते आहे. पहिलंच पत्र असल्या कारणासाठी लिहावं लागेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तुम्ही म्हैसूरला परत गेल्यावर घरात जे सांगितलंत ते माझ्यापर्यंत पोहोचलं आहे. मी घरात असून दार उघडलं नाही. तुमच्या वडिलांची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. तुम्ही खिडकीत उभे असताना मी तुम्हाला दोन्ही कान पुढे करून दाखवले. आणि तुमच्या नातीच्या, संयोगिताच्या, लग्नाची पत्रिका खिडकीबाहेर फेकली. काका, यातलं एकही खोटं नाही. (सासूबाईंना वाटत होतं, निदान कानांचं तरी मी नाकबूल करीन.) फक्त हे सगळं कसं घडलं तेवढं वाचा आणि मग काय ते ठरवा.

सुरुवात दीड वर्षापूर्वीची आहे. बेळ्ळंदूरच्या ज्या कंपनीत मी रिसेप्शनला होते, तिथून मी 'घराकडे लक्ष द्यायला' नोकरी सोडली असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं. एका सोमवारी माझ्या टेबलावर जेवणाच्या ताटाएवढा एक टॅबलेट आणून बसवला. येणारा पाहुणा त्यात स्वतःच नाव घालतो, स्वतःचा फोटो काढतो, आणि आतल्या माणसाला आपोआप निरोप जातो. सहा वर्षं मी जे हसून करत होते ते तो न हसता करू लागला. शुक्रवारी मला निरोपाचा केक कापायला लावला. पण त्या पाच दिवसांतलीच एक गोष्ट मनात राहिली. बुधवारी ऑफिसचं नेटवर्क बंद पडलं आणि तो टॅबलेट नुसता काळा आरसा होऊन बसला. दारात पाहुण्यांची रांग, आत दोनशे माणसं हात बांधून. मग एक मुलगी आली, माझ्याच वयाची, पाठीला सॅक, हातात निळ्या वायरीचं भेंडोळं. मॅनेजर तिच्या मागे मागे चालत होता, तिनं मागितल्यावर त्यानं स्टूलसुद्धा आणून दिलं. पंचवीस मिनिटांत सगळं चालू. जाताना तिनं माझ्याकडे पाणी मागितलं, आणि मी विचारलं की हे शिकायला काय लागतं. ती म्हणाली, चिकाटी लागते, गणित थोडंच लागतं. (दुसरा भाग खोटा निघाला.)

इथेच कमानीजवळ शिवकुमार सरांचा क्लास आहे. खाली चपलांचं दुकान आणि वर नेटवर्किंग. माझ्या बॅचला बावीस-तेवीस वर्षांची मुलं, ती मला पहिल्या दिवसापासून 'अक्का' म्हणू लागली, आणि सर धरून सगळ्यांना वाटलं की मी कोणाची तरी फी भरायला आले आहे. कम्प्युटर एकमेकांशी बोलतात ते कोणत्या वाटेनं, वाट बंद पडली तर दुसरी कशी शोधतात, एका इमारतीतल्या चारशे यंत्रांना पत्ते कसे वाटायचे, हे सगळं आकड्यांत. सकाळी पोळ्या लाटताना मी दोन, चार, आठ, सोळा अशी दुप्पट म्हणत असे. सासूबाईंना वाटलं मी कसलं तरी व्रत धरलं आहे, आणि त्यांनी खुशाल उद्यापनाची तारीख विचारली. तेव्हा त्यांना खरं सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, संध्याकाळचा स्वयंपाक मी बघते. तेवढंच.

जानेवारीत परीक्षा दिली आणि नापास झाले. संक्रांतीला तुम्ही आला होता तेव्हा विचारलंत, दिवसभर काय करतेस ग. तेव्हा त्या गोष्टीला चार दिवस झाले होते. मी म्हटलं, काही नाही काका, घरातलंच. तुम्ही तिळगूळ दिलात आणि मी आत जाऊन रडले. तुम्हाला सांगितलं असतं तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं, हे मला कळतं. पण नापास झालेली गोष्ट कोण सांगतं. पास झाल्यावर सगळ्यांना एकदमच सांगू असं आम्ही तिघांनी ठरवलं.

मार्चअखेर बेळ्ळंदूरलाच एका लहान कंपनीत मुलाखत झाली. निरनिराळ्या ऑफिसांची नेटवर्क ही कंपनी सांभाळते. त्यांनी मला घ्यायचं कबूल केलं, पण तीस एप्रिलच्या आत परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. परीक्षा केंद्रांवर महिनाभर जागा नव्हती. घरी बसून देता येते ती एकच तारीख मिळाली. गुरुवार सोळा, सकाळी दहा ते बारा.

घरी बसून परीक्षा म्हणजे सोपं असेल असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं होतं. कुठल्या तरी देशात बसलेला एक निरीक्षक कॅमेऱ्यातून आपल्याकडे सतत बघत असतो. तो दिसत नाही, फक्त स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याचं लिहिलेलं उमटतं. खोलीत दुसरं माणूस नको, कागद नको, घड्याळ नको. खुर्चीवरून उठायचं नाही, बोलायचं नाही, ओठसुद्धा हलवायचे नाहीत. कॅमेऱ्याबाहेर गेलं की परीक्षा रद्द. तीन ताकिदी झाल्या की रद्द. फोन बंद करून दुसऱ्या खोलीत. मी तयारी फार केली. सासूबाईंना सकाळी आठलाच इंदिरानगरला त्यांच्या बहिणीकडे पाठवलं. दाराच्या बेलची वायर स्वतः काढली (आणि याचा मला अभिमान वाटला, काय सांगू). हे म्हणत होते, बाहेरून कुलूप लावून जातो, म्हणजे कोणी थांबणारच नाही. मी म्हटलं, घराला आग लागली तर मी काय करू. या एका वाक्यासाठी मी पाच दिवस स्वतःला बोल लावते आहे.

बसले बाहेरच्या खोलीत, खिडकीशी, कारण वायफाय आतल्या खोलीपर्यंत पोहोचत नाही. (नेटवर्किंग शिकणारीच्या घरात. हे क्लासमध्ये कोणाला सांगितलेलं नाही.) निरीक्षकानं चारी भिंती दाखवायला सांगितल्या. आजोबांच्या तसबिरीखाली जन्म-मृत्यूच्या तारखा लिहिलेल्या आहेत ना, त्यावर त्यानं बोट ठेवलं. भिंतीवर आकडे चालणार नाहीत, झाका. मी टॉवेल घातला तो घसरला, पुन्हा घातला, पुन्हा घसरला. वेळ जात होता. शेवटी हात जोडून तसबीर उलटी केली. मग त्याला आवाज आला, कसला म्हणाला. आपला पंखा, दर फेऱ्याला कुरकुरतो तो. पंखा बंद करायला लावला. एप्रिलमधली सकाळ, म्हणून खिडकी अर्धी उघडली. ती उघडायला नको होती, तेही कळतं.

पहिली ताकीद दहा मिनिटांतच मिळाली. प्रश्न वाचताना माझे ओठ हलतात. लहानपणची सवय आहे, शाळेत सगळे मोठ्यानं वाचत असू. त्यानंतर मी खालचा ओठ दातांत धरून बसले. प्रश्न एकदा सोडला की मागे येता येत नाही, त्यामुळे प्रत्येक उत्तर दोनदा तपासून मगच पुढचं बटण दाबत होते. साठाव्या प्रश्नाच्या आसपास दारावर थाप पडली.

वाटलं कुरियर असेल, जाईल. पुन्हा थाप. मग खिडकीत सावली आली आणि तुमचा आवाज आला. "सुप्रीता, मी आहे. दार उघड."

काका, मी त्या क्षणी मान वळवली नाही. वळवली असती तर तीच दुसरी ताकीद झाली असती. पण तुमचा आवाज मायक्रोफोननं उचलला. कोपऱ्यात उमटलं, कोण बोलत आहे. मला टाइप करून उत्तर द्यायची परवानगी होती, मी लिहिलं, नातेवाईक बाहेर आहेत, दार बंद आहे. दुसरी ताकीद. आणि लगेच हुकूम, कानात काही यंत्र नाही ना, केस मागे घ्या, दोन्ही कान कॅमेऱ्याला दाखवा. मी केस मागे घेतले. आधी डावा कान दाखवला, मग उजवा. उजवा कान दाखवायला मान वळवली तेव्हा तुम्ही समोर, गजांना धरून उभे. तुमचा शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, काखेत पत्रिकांची पिशवी. आपली नजरानजर झाली. मी कान पुढे केलेला. तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आता डोळे मिटले तरी दिसतं.

त्यानंतरची तुमची बाजू मला वरच्या मजल्यावरच्या पवित्रानं सांगितली. तिनं तुम्हाला पायरीवर बसलेलं पाहून मज्जिगे, म्हणजे ताक, आणून दिलं, आणि तिला काही माहीत नसल्यानं छातीठोकपणे सांगितलं की सुप्रीताक्का घरीच आहेत, त्यांना आज काही काम नाही. तुम्ही माझा फोन लावला, तो बंद. ह्यांचा लावलात. हे मीटिंगमध्ये, कुजबुजत एवढंच म्हणाले, "काका, दार वाजवू नका." आणि तेवढ्यात साहेबांनी ह्यांच्याकडे पाहिलं म्हणून फोन ठेवला. पुतण्या दार वाजवू नका म्हणतो, सून कान दाखवते, वडील भिंतीकडे तोंड करून. माणसानं दुसरं काय समजायचं.

तुम्ही पायरीवर बसलात ते खिडकीच्या खालच्या कडेतून मला दिसत होतं, फक्त टोपी आणि खांदा. ऊन खांद्यावर आलं होतं. माझ्यासमोर प्रश्न होता की दोन राउटर शेजारी आहेत, दर दहा सेकंदांनी एकमेकांना 'मी आहे' असं कळवतात, आणि एकाकडून चाळीस सेकंद काही आलं नाही की दुसरा त्याला मेला असं धरून चालतो, तर खालच्या आकृतीत त्यांचं नातं का तुटलं. हे मी रचून लिहीत नाही, प्रश्न खरंच हा होता, आणि मी तो तीन वेळा वाचला तरी डोक्यात शिरेना. घामानं बोटं बटणावरून सरकत होती. वेळ पस्तीस मिनिटं उरली होती.

मग तुम्ही उठलात, खिडकीशी आलात, आणि म्हणालात, "संयोगिताची पत्रिका आहे. घेणार आहेस का नाही?" मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. तुम्ही पत्रिका गजांमधून आत सरकवलीत. ती लॅपटॉपच्या बाजूला पडली, अक्षता कीबोर्डवर सांडल्या.

छापलेला कागद, काका. परीक्षा चालू असलेल्या खोलीत. स्क्रीन आहे तिथे गोठली. कोपऱ्यात उमटलं, खोलीत कागद आला आहे, दोन्ही बाजू कॅमेऱ्याला दाखवा. मी दाखवल्या. गणपती, मुलाचं नाव, मुलीचं नाव, खाली 'आपले नम्र' मध्ये तुमचं नाव. मराठी त्याला काय वाचता येणार. हे काय आहे, त्यानं विचारलं. मी लिहिलं, लग्नाची पत्रिका, नवऱ्याच्या काकांनी दिली आहे, ते रागावले आहेत. मला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येत होते, आणि वाटत होतं तेही मायक्रोफोन उचलेल. मग आलं, कागद ताबडतोब खोलीबाहेर घालवा, खुर्चीवरून न उठता, एक मिनिटाच्या आत.

खुर्चीवरून हात पोहोचेल अशी खोलीबाहेरची जागा एकच होती. मी पत्रिका दोन्ही हातांनी धरली, कुंकू लागलेली बाजू वर ठेवली, कपाळाला लावली आणि गजांतून बाहेर सोडली. मी सोडली म्हणते, तुम्ही फेकली म्हणता, आणि पायरीवर पडलेल्या पत्रिकेकडे बघितलं तर तुमचाच शब्द खरा.

तुम्ही वाकून ती उचललीत. झटकलीत. "सरी," ठीक आहे, एवढंच कन्नडमध्ये म्हणालात, आणि गेलात. फाटकाची कडी तुम्ही नीट लावलीत, तो आवाज मी ऐकला. ओरडला असतात तर बरं झालं असतं.

आता जे लिहिते ते ह्यांना आणि सासूबाईंना सांगितलेलं नाही. आतापर्यंत मी सगळं त्या निरीक्षकावर घातलं. पण मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. दार खुर्चीपासून सहा पावलांवर होतं. तुम्ही 'सरी' म्हणालात तेव्हा मी अर्धी उठले होते. हात टेबलावर टेकले होते. मग मला केक आठवला, आणि जानेवारी आठवला, आणि मी पुन्हा बसले. पुढचा प्रश्न वाचला. तो बरोबर आला असावा. तुम्ही उन्हात चालत मेट्रोपर्यंत जात होता आणि मी पत्ते वाटत होते, बासष्ट यंत्रांना एक गट, तीसना दुसरा. हे मी केलं. निरीक्षकानं नव्हे.

बारा वाजायला चार मिनिटं असताना संपलं. पास. हजारात आठशे एकसष्ट, लागतात आठशे पंचवीस. मी ओरडले नाही, ओठ अजून दातांतच होता. मग दार उघडून चपला न घालता बाहेर पळाले. पवित्रा रिकामा पेला घेऊन उभी होती, अज्जा केव्हाच गेले म्हणाली. परत आत येऊन चपला घातल्या, मेट्रो पकडून स्टेशनला आले, तर म्हैसूरची गाडी दहा मिनिटांपूर्वी सुटलेली. फलाटावर बसून मी तुम्हाला पहिला फोन केला. बाकीचे दहा नंतरचे.

माफ करा असं नुसतं लिहून भागणार नाही, तरी लिहिते, मनापासून. तसबीर त्याच दुपारी सुलटी केली, पुसली, हार घातला. संयोगिताच्या लग्नाला मी पत्रिकेशिवाय येणार आहे, मला पंगतीत बसवू नका, भटारखान्यात बसवा. पण सासूबाईंना त्यांची पत्रिका वेगळी द्या. त्या म्हणतात, बाहेर गेलेली पत्रिका मिळाली असं धरता येत नाही.

काकूंना नमस्कार, संयोगिताला आशीर्वाद, आणि मंडपवाल्याशी माझ्या वतीनंही भांडा.

तुमची (अजून असले तर) सून,
सुप्रीता

ता. क. वर पास झाले असं लिहिलं ते खरं आहे, पण पुरतं नाही. शनिवारी ईमेल आली. परीक्षेच्या वेळी खिडकीतून एक अनोळखी माणूस कागद आत टाकताना दिसला, म्हणून माझा निकाल रोखून धरला आहे. सात दिवसांत, म्हणजे या शनिवारपर्यंत, त्या माणसाचं सही केलेलं निवेदन आणि ओळखपत्राची प्रत पाठवली तर प्रमाणपत्र देतील. तो माणूस तुम्ही. निवेदन इंग्रजीत तयार करून सोबत ठेवलं आहे. तुम्ही माझ्या नवऱ्याचे काका आहात, आत टाकलेला कागद म्हणजे लग्नाची पत्रिका होती, एवढंच त्यात आहे, आणि तिसरं एक वाक्य आहे.

आणखी एक. तिसरं वाक्य असं की तुम्हाला कम्प्युटर नेटवर्किंगमधलं काहीही कळत नाही. टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाकडून हे लिहून घेणं किती कठीण आहे ते मी जाणते. 'काहीही कळत नाही' ऐवजी 'स्वल्प कळतं' चालेल का असं मी त्यांना विचारून पाहिलं. ते म्हणाले, मग चौकशी करावी लागेल.

शेवटचं. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही हे तुम्ही पाहतच आहात. सासूबाई उद्या सकाळच्या गाडीनं घेऊन येत आहेत आणि आत्ता तुमच्यासमोर बसल्या असतील. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही, नुसती माफी आहे असं समजतात. पेन त्यांच्या पिशवीत आहे. तुम्ही सही केली नाहीत तरी मी राग धरणार नाही. बेळ्ळंदूरची जागा पुढच्या माणसाला जाईल आणि मी परीक्षा पुन्हा देईन. तारीख आजच धरून ठेवली आहे, सोमवार चार मे, सकाळी दहा ते बारा, याच घरात, याच खुर्चीवर. संयोगिताच्या लग्नाच्या आधीचेच दिवस, तुम्हाला बेंगळुरूत कामं निघतील, ऊन होईल, तहान लागेल, आणि आपलं घर वाटेवर पडेल. तरी काका, त्या दोन तासांत येऊ नका. आलात तर मी दार तेव्हाही उघडणार नाही.